‘ऐकत नाही’ की ‘ऐकू येत नाही’?
(पालक मेळाव्यातील भाषण)



‘सर, हा मुळीच ऐकत नाही!’ ही तक्रार पालक आमच्याकडे करतात आणि आम्ही पालकांकडे. माझा पुतण्या पहिलीत असताना मी त्याला रोज श्रुतलेखन घालीत असे. चुका फार होत. घरी उर्दू, शाळेत मराठी, म्हणून चुकतो असे समजून मी त्याला रागावत असे. पुढे डॉक्टरांनी कान तपासले, तेव्हा पडद्यामागे पाणी साचल्याचे निघाले. त्याला ऐकूच येत नव्हते! त्या रागावण्याची मला आजही शरम वाटते.

नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड व आडवी असते. सर्दीने ती बंद झाली की पडद्यामागे द्रव साचतो. पुष्कळदा कान दुखत नाही, वाहतही नाही. फक्त हलके आवाज निसटतात. आज ऐकू येते, उद्या येत नाही; म्हणून मोठ्यांना ते सोंग वाटते. बहुतेक मुलांत तीन महिन्यांत हा द्रव आपोआप ओसरतो. परंतु भाषा शिकण्याच्या वयात तीन महिने थोडे नव्हेत.

तोवर काय करावे? टीव्ही बंद करून, मुलासमोर बसून, छोट्या वाक्यांत बोलावे. ओरडू नये. वर्गशिक्षकांना व मक्तबातील उस्तादांना सांगून त्याला पुढे बसवावे. कानाखाली कधीही मारू नये. त्याने पडदा फाटू शकतो. लसणाचे तेल, काडी, पिन कानात घालू नये. घरात विडी-सिगारेट ओढू नये. कान वाहत असेल, तर तो कोरडा ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. तीन महिन्यांनंतरही कमी ऐकू आले, तर श्रवणचाचणी करावी. गरज पडल्यास डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवतात.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात कान दाखवता येतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय श्रवण संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सोबत्याला ‘बहिरा’ म्हणून चिडवू नका. राहिलेला शब्द त्याला सांगा. आणि पालकहो, हात उगारण्यापूर्वी एकदा मुलाच्या पाठीमागे उभे राहून हळूच त्याचे नाव घ्या. त्याने वळून पाहिले नाही, तर छडी नको, डॉक्टर हवा.

खुदा हाफिज.