यादीतली जुळी नावं



गाणी संपली आणि जेवण अजून लागायचंय, अशा वेळी एक्सेलवर बोलायला आम्हाला उभं केलंय. म्हणजे कार्यकारिणीचा आमच्यावर फार विश्वास असावा, नाहीतर वरण तापायला वेळ असावा. पण विषय तुम्ही दिलेल्या पैशांचा आहे, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

देणगीदारांची यादी कशी तयार होते? गणपतीत दाराजवळच्या टेबलावर कुणी नावं लिहून घेतं, दिवाळीच्या तिकिटांबरोबर दुसरं कुणी, आणि वेबसाइटवरचा फॉर्म तुम्ही स्वतः भरता. तीन फायली, तीन हातांचं टायपिंग. त्या एकीखाली एक चिकटवल्या की एकच घर तीन ओळींत दिसतं. टपालाचा खर्च वाढतो ते सोडाच. ज्यांनी देणगी दिली त्यांनाच 'आपली वाट पाहतो आहोत' असं पत्र जातं, ते जास्त वाईट. आणि त्याहून वाईट म्हणजे घरातलं कुणी गेल्याचं कळल्यावर एका ओळीतलं नाव निघतं, दुसरी ओळ तशीच राहते, आणि वर्षभरानं त्या माणसाच्या नावे आवाहन दारात येऊन पडतं.

यावर कुणीही म्हणेल, अहो, बटण आहे की! आहे. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' आहे, आणि मॅक्रोतही तेच काम एका ओळीत होतं. आपण सांगितलेले कॉलम सारखे दिसले की ते वरची ओळ ठेवतं आणि खालच्या पुसतं. नवा पत्ता खालच्या ओळीत असेल तर तो जातो, जुना राहतो. म्हणून आधी तारखेप्रमाणे लावून ताजी नोंद वर आणायची. शिवाय मॅक्रोनं पुसलेलं कंट्रोल-झेड दाबून परत येत नाही. तेव्हा आधी फायलीची प्रत, मग बाकी सगळं.

दुसरी गोम मोकळ्या जागेची. मोठी-छोटी इंग्रजी अक्षरं ते बटण सारखीच धरतं. पण नावापुढे एक स्पेस जास्त पडली, किंवा इनिशियलपुढे टिंब आलं, की त्याच्या लेखी माणूस वेगळा! वेबपानावरून उचललेल्या मजकुरात तर १६० क्रमांकाची एक स्पेस येते. ती दिसते नेहमीसारखीच, पण 'ट्रिम'नं जात नाही, वेगळी काढावी लागते. म्हणून आमचा मॅक्रो आधी सफाई करतो. टिंबं आणि जादा जागा काढतो, पोस्टकोड सलग करतो. मग आडनाव, नाव आणि पोस्टकोड जोडून शेजारच्या कॉलममध्ये एक खूण तयार करतो. तीच खूण वर कुठे येऊन गेली असेल तर ती ओळ पिवळी करतो आणि पहिल्या ओळीचा नंबर बाजूला लिहितो. पुसत मात्र काही नाही. (ज्यांना मॅक्रोतून एकेक ओळ पुसायचीच आहे त्यांनी खालून वर जावं. वरून खाली गेलात तर एक ओळ पुसल्यावर खालची वर सरकते आणि तपासायची राहून जाते.)

पुसत का नाही? एकाच घरात एस. जोशी म्हणजे सुरेशही असतात आणि सुनीताताईही. ईमेल दोघांत एक. ईमेलवरून जुळवलं तर दोघांपैकी एक जण यादीतून गायब. इथे ब्रिटनमध्ये गिफ्ट एडसाठी ज्यानं देणगी दिली त्याचंच नाव, त्याचाच घरचा पत्ता, त्याचाच कर आणि त्याचंच डिक्लरेशन लागतं. नवऱ्याची सही बायकोच्या देणगीला चालत नाही. उलट चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार घरी चार तऱ्हांनी लिहितात, ते मॅक्रोला मुळीच जुळवता येत नाही. तिथे आपली माणसं ओळखणारी एखादी काकूच लागते.

खरी जपणूक देणग्यांच्या पानावर. तिथे नावावरून मॅक्रो चालवायचाच नाही! एकाच गृहस्थांनी एकाच दिवशी ५१ पौंड दोनदा दिले, एक आईच्या स्मरणार्थ, एक वडिलांच्या. ओळी अगदी सारख्या, देणग्या मात्र दोन. गिफ्ट एडमध्ये १०० पौंडांवर एचएमआरसीकडून आणखी २५ पौंड मिळतात. खरी देणगी जुळी समजून पुसली तर ते २५ हातचे गेले. खोटी ओळ ठेवली तर जे आपलं नाही ते मागितलं, आणि ते परत करावं लागतं. म्हणून या पानावर खूण एकच, पावती क्रमांक. दर पावतीचा क्रमांक वेगळा, आणि तोच क्रमांक दोनदा आला तर मूळ पावती काढून बघायची.

आज बाहेरच्या टेबलावर फॉर्म ठेवले आहेत. इनिशियल नको, नाव पूर्ण लिहा. नवरा-बायको दोघंही देणार असाल तर दोन फॉर्म घ्या. पोस्टकोड विसरू नका. मागच्या यादीतल्या पिवळ्या ओळी आमच्याकडे आहेत, आणि पुढचे दोन रविवार आम्ही त्या घरांना फोन करणार आहोत. 'आपण दोघं की एकच?' असं कुणी विचारलं तर कृपया रागावू नका, उत्तर द्या.