रिपोर्ट आला, तर पुढे काय बदलणार?



मला ‘तंत्रज्ञान आणि आरोग्य’ असा भलामोठा विषय दिला होता. मी तो लहान करून आणलाय. लहान मुलांना लघवीचा संसर्ग, म्हणजे युरीन इन्फेक्शन झालं, की किडनीच्या आणि लघवीच्या मार्गाच्या कोणत्या तपासण्या करायच्या आणि कोणत्या नाही, एवढंच बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण घरात एक इंजिनियर असला की सगळ्या खानदानाचे रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात. हसताय म्हणजे तुमच्याकडेही तेच आहे.

गेल्या वर्षी माझी नऊ महिन्यांची भाची तापाने फणफणली. कल्चरमध्ये ई. कोलाय हा नेहमीचा जंतू निघाला, अँटिबायोटिक सुरू झालं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. नंतर चिठ्ठीवर तीन नावं आली: सोनोग्राफी, एमसीयू, डीएमएसए. आपाने फोन केला, “तिन्ही करायच्या का रे? एक तर आमच्या गावात होतच नाही.”

सोनोग्राफी तुम्हाला माहीत आहे. दुखत नाही, क्ष-किरण नाहीत. किडनीचा आकार, सूज, कुठे लघवी तुंबली आहे का, हे दिसतं. एमसीयूमध्ये लघवीच्या जागेतून बारीक नळी घालून मूत्राशयात औषध भरतात आणि बाळ लघवी करत असताना क्ष-किरणांनी चित्रं घेतात. लघवी उलटी वर किडनीकडे चढते का, ते त्यात कळतं. या उलट चढण्याला रिफ्लक्स म्हणतात, त्याच्या एक ते पाच पायऱ्या मानतात. खालच्या पायऱ्यांचा रिफ्लक्स बहुतेकदा मूल मोठं होता होता आपोआप जातो. डीएमएसएमध्ये शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, दोन-तीन तास थांबतात आणि मग कॅमेऱ्याखाली निजवतात. किडनीवर कायमचा व्रण राहिला आहे का, हे त्यात दिसतं. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग लागतो, म्हणून तालुक्याच्या माणसाला मोठं शहर गाठावं लागतं. एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं, बरोबर आणखी एक माणूस. हा खर्च बिलात दिसत नाही.

आता गंमत बघा. हेच बाळ तीन देशांच्या मार्गदर्शक सूचनांपुढे ठेवलं तर तीन उत्तरं येतात. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २००७ पासून सांगितलंय की सहा महिन्यांवरचं मूल ४८ तासांत औषधाने सुधारलं आणि बाकी काही वावगं नसेल, तर त्या पहिल्या संसर्गानंतर काहीच चित्रतपासणी नको. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांना सोनोग्राफी आणि एमसीयू दोन्ही सांगितलं होतं. २०११ मध्ये त्यांनी ते बदललं. सोनोग्राफी करा, एमसीयू सरसकट नको. आणि आपल्याकडच्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या २०११ च्या सूचनांत एक वर्षाखालच्या बाळाला तिन्ही तपासण्या होत्या. म्हणजे आपाच्या डॉक्टरांनी मनाने काही लिहिलं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीमागे कमिशनच असतं असं समजणाऱ्या मित्रांना हे मुद्दाम सांगतोय. पुढे भारतीय सूचनाही सुधारल्या: पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफी सगळ्यांना, एमसीयू मात्र निवडक मुलांनाच.

हे मत का बदललं? पूर्वीचा हिशेब सरळ होता. रिफ्लक्स शोधा, सापडला की रोज थोडं अँटिबायोटिक द्या, संसर्ग टळेल, किडनी वाचेल. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हर नावाच्या चाचणीने हा हिशेब तपासला. रिफ्लक्स असलेली ६०७ मुलं, निम्म्यांना रोज औषध, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच दवा, दोन वर्षं लक्ष ठेवलं. औषध घेणाऱ्यांत पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, हे खरं. पण किडनीवरचे व्रण दोन्हीकडे जवळपास सारखेच, १२ आणि १० टक्के. आणि औषध घेणाऱ्यांना ई. कोलायचा संसर्ग पुन्हा झालाच, तर त्यातले ६३ टक्के जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते. दुसऱ्या गटात १९ टक्के. वरच्या पायऱ्यांचा रिफ्लक्स शोधणं अजूनही महत्त्वाचं आहे. पण रडणाऱ्या प्रत्येक बाळाला नळी घालण्यातून जो फायदा मिळेल असं वाटलं होतं, तेवढा तो मिळत नाही.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. ज्या टेस्टचा निकाल काहीही आला तरी आपण तेच करणार, ती टेस्ट चालवायची नाही. आपाला मी एवढंच म्हटलं, की दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना विचार, “रिपोर्ट असा आला तर काय कराल, तसा आला तर काय कराल?” त्यांनी शांतपणे सांगितलं. सोनोग्राफी आधी करू, नॉर्मल असेल तर पुढचं थांबवू, पण यापुढे कारण न कळणारा ताप आला की लगेच लघवी तपासायची, वाट पाहायची नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली.

याच्याही आधीचा एक प्रश्न असतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संसर्ग खरंच होता का? तान्ह्या बाळाची लघवी बऱ्याच ठिकाणी चिकटवायच्या पिशवीत घेतात. तिच्यात कातडीवरचे जंतू सहज येतात. जरा हिशेब करू. समजा तापाची १,००० बाळं आहेत, त्यातल्या ५० ना खरा संसर्ग आहे. पिशवीचं कल्चर निरोगी १०० पैकी ३० बाळांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवतं असं धरा. उरलेल्या ९५० पैकी २८५ खोटे पॉझिटिव्ह. खरे फक्त ५०. ३३५ घरांत घबराट, आणि त्यातल्या २८५ घरांत विनाकारण. त्यातून जर ‘मिक्स्ड ग्रोथ’ असं लिहून आलं, तर आधी नमुना पुन्हा द्या, मग स्कॅनचं बघू. पिशवीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तो उपयोगी. पॉझिटिव्ह आला तर नळीने किंवा स्वच्छ धुऊन हवेत झेललेल्या लघवीने खात्री करायची, आणि तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये एक साधी युक्ती तपासली गेली: थंड सलाईनमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा बाळाच्या ओटीपोटावर फिरवला, की पाच मिनिटांत लघवी होण्याची शक्यता बरीच वाढते. आपल्या खाला-नानींना अशा गोष्टी आधीपासून माहीत असतात म्हणा.

सुन्नतचा विषय इथे येतोच. सुन्नत झालेल्या मुलांत लघवीचा संसर्ग बराच कमी आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून अशा मुलाचा पिशवीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो खोटा असण्याची शक्यता आणखी जास्त, हाच वरचा हिशेब. पण ‘आमच्या मुलाला होणारच नाही’ असं त्यातून निघत नाही. आणि मुलगा जन्मला तेव्हा लघवीचं छिद्र टोकाला नसून खाली असेल, तर सुन्नत थांबवा, आधी सर्जनना दाखवा. ते दुरुस्त करायला तीच कातडी लागू शकते.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही इथून जाऊन सगळ्या तपासण्या रद्द कराल. मुलाची धार बारीक, थेंबथेंब पडते, लघवी करताना तो कुंथतो, तर उशीर नको. मुलांमध्ये जन्मतःच मूत्रमार्गात पडदा असू शकतो, किडनी आतल्या आत खराब होत जाते, आणि तिथे एमसीयू लागतेच. योग्य औषध देऊनही ४८ तासांत ताप न हटणं, पोटात गाठ लागणं, क्रिएटिनिन वाढणं, ई. कोलाय सोडून भलताच जंतू निघणं, संसर्ग पुन्हा होणं, किंवा गरोदरपणाच्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला सूज दिसलेली असणं, यात तपासणी टाळणं महागात पडतं. डीएमएसए व्रणासाठी करायची असेल तर चार-सहा महिन्यांनी. आजारात केली तर ताजी सूज आणि कायमचा व्रण यांतला फरक कळत नाही.

आणि मुलींबद्दल स्पष्ट बोलतो. मुलाच्या तपासणीला कर्ज काढणारं घर मुलीच्या वेळी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतं, हे मी पाहिलंय. कुठे कुठे नळीची भीती वेगळीच असते, पुढे लग्नात काही प्रश्न येईल का, अशी. येणार नाही. लघवीचा मार्ग वेगळा, योनिमार्ग वेगळा. नळीचा कौमार्याशी काही संबंध नाही. महिला कर्मचारी असाव्यात, आईला जवळ थांबू द्यावं, हे मागायला लाजू नका.

शाळेत जाणाऱ्या मुलीला वारंवार त्रास होत असेल तर कोणताही स्कॅन सांगण्याआधी तिला विचारा, शाळेत बाथरूमला जातेस का? खूपदा उत्तर नाही असं येतं. कडी नाही, पाणी नाही, वास येतो. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही, लघवी दाबून धरते, शौचालाही खडा होतो. बद्धकोष्ठ आणि लघवी धरून ठेवण्याची सवय यांनी संसर्ग परत परत येतो, आणि सोनोग्राफी बहुधा नॉर्मलच असते. याचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कमी आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर जास्त आहे. आपल्या वॉर्डातल्या शाळांची स्वच्छतागृहं पाहण्यासाठी मी एक पानाचा फॉर्म केलाय: कडी, पाणी, उजेड, आणि मधली सुट्टी सोडून वर्ग चालू असताना मुलींना जाऊ देतात का. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नावं द्या. मुलींशी बोलायला मुलीच हव्यात.