पोरक्या मुलांची गाणशाळा

लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये ‘कन्झर्व्हेटरी कुठे?’ असं विचारलंत, तर लोक तुम्हाला ताड आणि निवडुंगांनी भरलेल्या काचघरात पाठवतील. शेजारच्या गिल्डहॉल संगीतशाळेलाही जवळजवळ हेच नाव लावतात. या नावाचा अर्थ जपण्याची जागा. थंडीपासून झाडं जपायची म्हणून काचघराला ते शोभतं. पण गाणशाळेत काय जपायचं?

त्यासाठी इटलीत, नेपल्सला जायला हवं. तिथे १५३७ साली सांता मारिया दि लोरेतो हे कोन्सेर्वातोरिओ निघालं. पुढे आणखी तीन निघाली. ही होती अनाथालयं. जपायची होती ती पोरकी मुलं. त्यांना गाणं शिकवलं ते काही निव्वळ कलेच्या प्रेमापोटी नव्हे! मुलं चर्चमध्ये, मिरवणुकीत, प्रेतयात्रेत गात आणि बिदागी संस्थेला मिळे. पण तालीम इतकी कसून, की पुढे आईबाप असलेली मुलंही फी भरून येऊ लागली. पेर्गोलेसी आणि चिमारोझा हे संगीतकार इथल्याच शाळांत घडले.

चार्ल्स बर्नी नावाचा इंग्रज संगीत-अभ्यासक १७७० मध्ये यांपैकी सांत’ओनोफ्रिओत गेला. जिन्यात एकजण छाती फुटेस्तोवर ट्रम्पेट फुंकत होता. वर एकाच खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड, त्याहून जास्त व्हायोलिनं, शिवाय गाणारे. प्रत्येकाचा सूर वेगळा, चीज वेगळी. त्याच गलक्यात काही मुलं लिहीत बसलेली! बर्नीला हे मुळीच रुचलं नाही. मला मात्र वाटतं, असल्या कल्लोळात ज्याला आपला सूर धरता आला, तो पुढे कुठल्याही सभेत डगमगला नसेल.

वरच्या मजल्यावर सोळा मुलं निराळी ठेवली होती. आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेली, ज्यांना कास्त्राती म्हणत, ती ही मुलं. सर्दी होऊ नये म्हणून त्यांच्या खोल्या इतरांपेक्षा उबदार. परदेशी रोपासारखी निगा! पण ती त्या गळ्याची. मुलाचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं होतं.

पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारने १७९५ साली आपली संगीतशाळा काढली, तेव्हा पोरकेपणाशी तिचा काही संबंध नव्हता. नाव मात्र त्यांनी इटलीतल्या त्या अनाथालयांचंच उचललं.