पहिल्या तासाचा हिशेब

(महाविद्यालयांत नव्याने शिकवू लागलेल्या मित्रांच्या एकदिवसीय अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘नव्या प्राध्यापकाने सुरुवात कशी करावी’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. १९८४ साली मी अर्थशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून एका तालुक्याच्या गावी रुजू झालो आणि २०२० साली निवृत्त झालो. छत्तीस वर्षांच्या अनुभवाचे गाठोडे तुमच्यापुढे सोडावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि माझी नेमणूक आणि तुमच्यापैकी बहुतेकांची नेमणूक यांत जे अंतर पडले आहे, त्याकडे डोळेझाक करून केलेला उपदेश हा अप्रामाणिकपणा होईल. मला पहिल्या महिन्यापासून सातशे-सोळाशेची वेतनश्रेणी होती. तुमच्यातील पुष्कळजण ‘तासिका तत्त्वावर’ आहेत. म्हणून वर्गाविषयी आधी बोलतो आणि वेतनाविषयी नंतर. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

माझे पहिले वर्ष वाईट गेले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी सल्ला दिला होता की, आठ दिवस हसू नका, म्हणजे दरारा बसेल. मी तो शिरोधार्य मानला. माझे पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीतून झालेले. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील मजकूर रात्री जागून मराठीत उतरवायचा आणि सकाळी तो विद्यार्थ्यांना लिहून द्यायचा, एवढेच माझे अध्यापन. प्रश्न विचारायला उसंतच उरू नये, अशी त्यामागे एक अव्यक्त योजना होती. नव्या प्राध्यापकाला अज्ञानाची भीती असते, त्याहून अधिक ते उघडे पडण्याची असते. ही भीती लपविण्यासाठी पूर्वी टिपणे होती, आता पडद्यावरच्या चित्रफिती आहेत. साधन बदलले एवढेच.

एके दिवशी मी पुरवठ्याचा नियम सांगत होतो. किंमत वाढली की पुरवठा वाढतो, किंमत घटली की पुरवठा घटतो. फळ्यावर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेषा काढली. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडं उलटं होतंय. भाव पडला की आमचे वडील ज्वारी जास्त विकतात.” वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “परीक्षेत तसं लिहू नकोस.” तो खाली बसला. त्यानंतर त्याने काही विचारले नाही.

त्याच्या म्हणण्यातला हिशेब अगदी सरळ होता. घरात ज्वारी आहे आणि सोसायटीचा हप्ता व दुकानदाराची उधारी मिळून हजार रुपये रोख द्यायचे आहेत. भाव क्विंटलला दोनशे असेल तर पाच क्विंटल विकून भागते. सव्वाशेवर आला की आठ क्विंटल बाजारात न्यावे लागतात. मग तीन क्विंटल कुटुंबाच्या पोटातून जातात. नफ्यासाठी विकणारा आणि देणे फेडण्यासाठी विकणारा यांच्या रेषा एका दिशेने चालत नाहीत.

चार-पाच महिन्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाण्याचा योग आला. तेथे मला आढळले की, पी. एन. माथुर आणि हन्नन इझिकेल यांनी १९६१ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता. गरीब शेतकऱ्याची रोख पैशाची गरज बरीचशी ठरलेली असल्यामुळे अन्नधान्याचा भाव घसरला असता त्याचा विक्रेय वाढावा कमी न होता वाढू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन. राज कृष्ण यांनी त्याच सुमारास पंजाबातील आकडेवारीच्या आधारे शेतकरी किमतीला अपेक्षित दिशेनेच प्रतिसाद देतो असे दाखविले होते. भारतीय अर्थशास्त्रज्ञांत यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तो वाद माझ्या वर्गात मागच्या बाकावर उभा राहिला होता आणि मी त्याला गप्प बसविले होते!

परत आल्यावर मी त्या मुलाचा शोध घेतला. दिवाळीनंतर तो आलाच नव्हता. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, असे त्याच्या गावच्या मुलांनी सांगितले. उरलेल्या वर्गाला मी ती चर्चा शिकवली, त्याचे नाव घेऊन शिकवली. तो मात्र ऐकायला नव्हता.

तेव्हा सुरुवात कशी करावी, याचे माझे उत्तर फार मोठे नाही. टिपणे घालणे पहिल्या महिन्यातच थांबवा. तुमच्या वर्गातील मुलांच्या घरी उत्पन्न कोठून येते, हे माहीत करून घ्या. सकाळी दूध घालून, पेट्रोलपंपावर रात्रपाळी करून किंवा ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून येणारा विद्यार्थी डुलकी घेतो, ती तुमच्या विषयाची निंदा नसते. भाऊराव पाटलांनी सातारच्या महाविद्यालयात १९४७ साली श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. ती मुले राबत होती, हे तिथल्या शिक्षकांना ठाऊक होते. आज मुले राबतात ते आपल्याला ठाऊक नसते. प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर “उद्या सांगतो” म्हणा आणि उद्या खरोखर सांगा. अवघड संज्ञा मराठीत समजावून द्या, इंग्रजी शब्दही फळ्यावर लिहा. दोहोंपैकी एक हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे करायला वेळ लागतो. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिल्या वर्षी एका तासाच्या अध्यापनामागे किमान चार तासांची तयारी लागते. येथे आपण वेतनाच्या प्रश्नाशी येतो. अतिथी प्राध्यापकाला एका व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली सांगितले. तुमच्या हाती पडणारा दर त्याहून किती कमी आहे, ते तुम्हीच जाणता. पण वादासाठी १५०० धरा आणि पाचाने भागा. तीनशे उरतात. सुट्टी, परीक्षा, उन्हाळा यांचे शून्य. तासिका हा शब्दच मुळी फसवा आहे. व्यवस्था तुमच्या श्रमाचा दिसणारा पाचवा हिस्सा विकत घेते आणि न दिसणारे चार हिस्से ‘निष्ठा’ या नावाखाली फुकट नेते.

हे मी कारखानदाराविषयी बोलत असतो तर टाळ्या घेऊन खाली बसलो असतो. पण या व्यवहारात मीही सामील होतो. शेवटची काही वर्षे मी विभागप्रमुख होतो. कार्यभाराचे पत्रक मी करीत असे. सोयीचे तास आम्हा कायम मंडळींना, दुपारचे तुटक तास तासिकावाल्यांना. ‘नॅक’च्या फायली, प्रवेश समिती, क्रीडा महोत्सवाची नोंदणी, ही कामेही त्यांच्याकडेच, कारण पुढच्या जूनमध्ये पुन्हा नेमणूक हवी असल्याने ते नाही म्हणत नसत. एकदा एका प्राध्यापिकेने फाईल हातात घेत शांतपणे विचारले, “सर, हे काम कोणत्या तासिकेत धरू?” मी हसलो. “मॅडम, अनुभव मिळेल,” असे म्हणालो. १९८४ साली त्या मुलाला हसून गप्प केले होते, त्याच सराईतपणाने. तिचे मानधन त्या वर्षी पाच महिन्यांनी निघाले. मी एकदाही कार्यालयात जाऊन विचारणा केली नाही.

आज एकाच स्टाफरूममध्ये तीन थर बसतात. माझ्यासारखे जुन्या निवृत्तिवेतनाचे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, ज्यांचे ते निवृत्तिवेतन गेले. आणि तासिकेवरचे, ज्यांना खुर्चीही उसनी मिळते. १९८७ च्या देशव्यापी संपात आम्ही वेतनश्रेणीसाठी रस्त्यावर उतरलो आणि तो संप योग्यच होता. पण त्यानंतर ज्यांना श्रेणीच नाही अशांची रांग आमच्या दाराशी वाढत गेली, तेव्हा आमच्या संघटनांच्या ठरावांत त्यांचा मुद्दा शेवटून दुसरा असे. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत, अशी मर्यादा आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत घातलेली होती. ती कोणत्या महाविद्यालयात पाळली गेली, हे विचारायला कायम प्राध्यापकांनी पुढे यायला हवे होते. त्यांची नोकरी जाणार नव्हती.

कोणी म्हणेल, मग तासापुरते शिकवावे आणि घरी जावे. हा मार्ग मला मान्य नाही. त्याचे मोल संस्थाचालक देणार नाही, मागच्या बाकावरचा मुलगा देईल. त्याने तुम्हाला नेमलेले नाही आणि तुमचे मानधनही त्याने अडविलेले नाही. शिकवण्यात हात आखडू नका. नोंद ठेवण्यातही आखडू नका. नेमणुकीच्या पत्राची प्रत मागून घ्या. फाईल सोपविली तर तारीख, काम आणि लागलेले तास वहीत लिहा. तोंडी सांगितलेले काम स्वीकारल्याचे दोन ओळींच्या पत्राने कळवा. एकट्याने कळविणे धोक्याचे वाटेल, आणि ते धोक्याचे आहेही. म्हणून विभागातील सर्वांनी मिळून एका दिवशी कळवा आणि त्यावर कायम प्राध्यापकाची सही आधी घ्या. तो कचरला तर त्याला आजचे हे भाषण दाखवा.

दुपारच्या सत्रात अशा नोंदवहीचा एक नमुना आपल्याला ठरवायचा आहे. मी घरून रकाने आखून आणले आहेत. पण ‘तयारीचे तास’ हा रकाना कसा भरावा, याविषयी माझ्या मनात अजून निश्चिती नाही. ते तुम्हीच सांगा. जेवणानंतर अडीच वाजता बसू.