पॉइंट आणि पॉइंटच्या मधलं मावळ

आज मोटारसायकलबद्दल बोलू या. म्हणजे कुठली गाडी किती सीसीची, मायलेज काय देते, ते नाही. पुणे ते लोणावळा हा साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता, आणि त्याने मला प्रवासाबद्दल जे शिकवलं, ते.

सुरुवात एका बंदीपासून करतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. सहा पदरी, जवळजवळ ९५ किलोमीटर. पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. तुमच्याकडे दीड लाखाची गाडी असो नाही तर पाच लाखांची, तिथे प्रवेश नाही. आपण जायचं ते जुन्या हायवेने. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला फाटा आणि मग लोणावळा.

पहिल्यांदा ही शिक्षा वाटते. सिग्नल, गावं, मधेच आडवी येणारी म्हैस. पण कारने एक्सप्रेसवेवरून जाणाऱ्या मित्राला विचारा, वाटेत काय दिसलं? तो म्हणेल, "टोल आणि बोगदा." त्याला लोणावळा मिळतं, मावळ मिळत नाही. मावळ जुन्या रस्त्यावर आहे.

आता काय असतं या मावळात? जुलैमध्ये या. खाचरात गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन बायका ओळीने लावणी करतायत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या, भात निसवलेलं असतं. हेल्मेटची काच जरा वर केली की वास थेट आत येतो. तो इंद्रायणी तांदूळ. हे वाण वडगाव मावळच्याच भात संशोधन केंद्रात तयार झालं. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. आपण घरी ज्याचा मऊ भात खातो, त्याचं जन्मगाव आपण ऐंशीच्या स्पीडने मागे टाकत असतो. पन्नासवर आलात तर वास येतो. एवढाच फरक.

पण लोणावळ्यात पोहोचल्यावर काय होतं बघा. तिथे सगळे पॉइंट आहेत. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, राजमाची पॉइंट. गाडी लावायची, फोटो काढायचा, कणीस खायचं, पुढचा पॉइंट. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की आपण आयुष्यसुद्धा असंच लावलंय. दहावी, बारावी, नोकरी, फ्लॅट, मुलांची दहावी, रिटायरमेंट. सगळे पॉइंट. आणि मधली वर्षं? ती फक्त कापायची असतात. आपली भाषाच बघा ना, आपण म्हणतो, "दोन तासांत अंतर कापलं."

याच रस्त्यावर देहूचा फाटा लागतो. तिथून तुकोबांची पालखी निघते आणि पंढरपूरपर्यंत चालत जाते. अठरा-वीस दिवस. एसटीने तेच अंतर काही तासांचं आहे. आणि गंमत म्हणजे, इतकं चालून गेल्यावर असंख्य वारकरी गर्दीमुळे नुसतं कळसाचं दर्शन घेऊन परत फिरतात. त्यांना विचारा, वारी वाया गेली का? ते तुमच्याकडेच चमकून बघतील. कारण वारी म्हणजे ते चालणंच.

आणखी मागे जा. कार्ला फाट्यावरून आत वळलं की दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आहे. कोकणातल्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा व्यापारी मार्ग इथून जायचा. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकट गावचे कितीतरी, आणि स्वतःला यवन म्हणवणारेही. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी पैसा खर्च केला तो वाटेवरच्या एका डोंगरात.

आता इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. प्रवासाची मजा घ्या म्हटलं की काहींना वाटतं, बेफिकीर व्हा, हात सोडून चालवा, आरडाओरडा करा. मोटारसायकल याच्या अगदी उलट शिकवते. ही गाडी थांबली की स्वतःच्या पायावर उभीही राहत नाही, स्टँड लावावा लागतो. तिला सावरायचं ते तुम्ही. पावसात रस्त्यावरचा पांढरा पट्टासुद्धा निसरडा असतो. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, मधोमध ब्रेक दाबायचा नाही. नजर खड्ड्यावर ठेवली तर गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून नजर वळणाच्या शेवटाकडे. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायची नाही, गाडी गिअरमध्येच हवी. हे सगळं करताना उद्याच्या मीटिंगचा विचार डोक्यात येतच नाही. जागाच नसते. मजा येते ती त्यामुळे. लक्ष पूर्ण असतं म्हणून.

आणि लक्ष नसलं की काय होतं, तेही याच मावळाने पाहिलंय. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले. गेलेल्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाहीये. रविवारची सुट्टी घालवायला आलेली तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती ती. पण नदीला आपण 'स्पॉट' म्हणायला लागलो, की ती नदी आहे हे विसरतो. वरच्या डोंगरात पाऊस पडतोय, खाली पाणी वाढणार, हे इथल्या गुराख्याला कळतं. कारण तो इथे राहतो. आपण फक्त पोहोचलेलो असतो.

तर मंडळी, एक साधं काम. पुढच्या रविवारी निघाल तेव्हा हेल्मेट घाला, मागे बसणाऱ्यालाही घालायला लावा, आणि लोणावळ्याला पोहोचायचंच असं ठरवू नका. कामशेतला थांबा. चहा प्या. टपरीवाल्या काकांना विचारा, यंदा भात कसंय. ते दहा मिनिटं बोलतील, ती ऐका. पाऊस वाढला तर तिथूनच मागे फिरा. आणि घरी कोणी विचारलं, "कुठवर जाऊन आलात?" तर भाताचं काय चाललंय ते सांगा.

आज इथेच थांबतो. गाडी सावकाश चालवा. पुढच्या भागात भेटू, नमस्कार!