पोट्ट्याला फळा दिसतो का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण चारचौघी जमलो की मुलांच्या अभ्यासाचा विषय निघतोच. कोणाचे लक्ष लागत नाही, कोणाची बेरीज चुकते, कोणी पुस्तक उघडले की जांभया देतो. "पोट्टा हुशार आहे, पण अभ्यासच करत नाही," हे वाक्य नागपुरात कोणत्या गल्लीत ऐकू येत नाही? मला आज एवढेच विचारावयाचे आहे की, त्या पोट्ट्याला फळा दिसतो का, हे आपण कधी पाहिले आहे काय?

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. तोंडी पाढे घडाघडा म्हणे. परंतु फळ्यावरचे गणित वहीत उतरविले की 3 चे 8 होत. घरी तिला सारे "ढ" म्हणत. डोळे तपासले तेव्हा तिला लांबचे फार अंधूक दिसते असे निघाले. चष्मा लावून ती वर्गात आली आणि म्हणाली, "बाई, आपल्या फळ्याला केवढ्या चिरा आहेत!"

मूल आधीच का सांगत नाही, असे आपल्याला वाटते. पण जन्मापासून अंधूकच पाहिलेल्या मुलाला सर्वांना असेच दिसते असे वाटणार. म्हणून खुणा आपणच ओळखावयास हव्यात. पुस्तक नाकाशी धरणे, डोळे बारीक करणे, मान तिरपी करून पाहणे, वाचताना ओळ गाळणे, शेजारच्याच्या वहीतून उतरविणे, अभ्यासानंतर कपाळ दुखणे, या त्या खुणा होत.

सर्वांत फसवा प्रकार एकाच डोळ्याच्या दोषाचा. चांगला डोळा सारे काम उरकतो आणि मेंदू दुसऱ्याकडे लक्ष देईनासा होतो. डॉक्टर यास आळशी डोळा म्हणतात. चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही वेळ झाकून हा दोष पुष्कळ सुधारतो. मात्र सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण अधिक येतो. किंचित तिरळेपणा भाग्याचा, असे मानून थांबणाऱ्या घरांत नेमका हाच काळ निघून जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी ठरविली आहे. पण पथक आले त्या दिवशी मूल घरी राहिले, किंवा डॉक्टरांची चिठ्ठी दप्तराच्या तळाशीच राहिली, तर उपयोग काय? आपल्या मेडिकलमध्ये व मेयोत नेत्रविभाग आहेत. तेथवर मुलाला नेणे हे घरच्यांचेच काम.

चष्मा आणला म्हणजेही संपले असे नाही. चीनमधील अडीचशेहून अधिक शाळांची एक पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. फुकट चष्मे मिळालेल्या मुलांची गणितात अधिक प्रगती दिसली. तरीही शेवटच्या पाहणीत त्यांच्यातील निम्म्याहून अधिक मुलांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता! आपल्याकडे निराळे काय आहे? मुलगा "चष्मिस" म्हणून चिडविला जातो, मुलीच्या लग्नाची काळजी आजीला दुसरीतच लागते. चष्म्याने नंबर वाढतो, हाही गैरसमजच. भगिनींनो, हे बोलणे आपल्या स्वयंपाकघरांतून निघते आणि तेथेच ते थांबविता येईल.

अक्षरे स्वच्छ दिसूनही वाचन अडते, अशीही मुले असतात. त्यांना निराळी मदत लागते. परंतु आधी डोळे पाहावेत.

घरी एक सोपा प्रयोग करा. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करा. एक डोळा तळहाताने न दाबता झाकून आकडे वाचावयास सांगा, मग दुसरा झाकून. दोन डोळ्यांत फरक आढळला, किंवा भावंडांना दिसते ते याला दिसत नसेल, तर डॉक्टरांकडे चला. प्रयोगात सारे ठीक निघाले, पण वर सांगितलेल्या खुणा दिसत असल्या, तरीही चला.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. वह्या, दप्तर, गणवेश यांची खरेदी आपण त्याआधी करतोच. त्या यादीत यंदा सर्वांच्या वर "डोळे तपासणे" असे लिहावे, आणि शेजारच्या ज्या घरी आई दिवसभर कामाला जाते, तेथील मुलालाही सोबत न्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.