मलबारचे दास आणि 927 रुपये 13 आणे



गुलामगिरी म्हटले की डोळ्यांपुढे अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाची शेते, लिंकन आणि 1861 साली पेटलेले यादवी युद्ध उभे राहते. त्या युद्धापूर्वी कित्येक दशके तो देश या एका प्रश्नावर दुभंगत गेला. त्याच काळात हाच प्रश्न चेन्नईच्या, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या, सेंट जॉर्ज किल्ल्यातील सरकारी दप्तरातही पडून होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

किल्ल्याचा या व्यवहाराशी संबंध जुनाच. 1687 साली दुष्काळाने गांजलेली माणसे मद्रासच्या किनाऱ्यावर विकली जात होती. एका महिन्यात किमान 665 जणांना जहाजांवर चढवण्यात आले. युरोपला निघणाऱ्या प्रत्येक जहाजाने निदान दहा गुलाम न्यावेत, असे ठरवणाऱ्या मंडळात गव्हर्नर एलिहू येल बसला होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे, तोच हा गृहस्थ. पुढच्याच वर्षी ही निर्यात थांबवण्याचा हुकूम निघाला. शेतावरचे दास्य मात्र अबाधित राहिले.

त्याचे उग्र रूप मलबारात होते. 1800 साली हा जिल्हा मुंबई सरकारकडून मद्रासकडे आला. त्याच सुमारास तेथे फिरलेल्या फ्रान्सिस बुकॅननने लिहून ठेवले आहे की, शेतावर राबणारी दास माणसे विकता येत, गहाण टाकता येत आणि वार्षिक भाड्यानेही देता येत. पुढे थॉमस बेबर या अधिकाऱ्याने अंजरकंडीच्या मळ्यावरून, त्रावणकोरातून पळवून आणलेली मुले सोडवली. त्यावरून मळेवाला मर्डॉक ब्राऊन याच्याशी त्याचे दीर्घ वैर जडले.

या वादात सरकार तटस्थ पंच नव्हते, हे विसरता येत नाही. सरकारी जमिनींबरोबर त्यांवरचे चेरुमन दासही सरकारच्या मालकीचे ठरले होते आणि त्यांचे उत्पन्न महसुलात जमा होत असे. थकलेल्या साऱ्यापायी दास विकण्याची वहिवाट बंद करण्याचा आदेश 1819 साली निघाला. अखेर 12 नोव्हेंबर 1836 रोजी मद्रास सरकारने मलबारातील सरकारी दासांपासून येणारी 927 रुपये 13 आण्यांची वार्षिक रक्कम जमाखर्चातून वजा केली आणि त्यांच्या मुक्तीस मान्यता दिली. पण या मुक्तीची दवंडी पिटायची नव्हती! इतर मालक बिथरू नयेत आणि इतर दासांच्या मनात अकाली आशा उत्पन्न होऊ नये, अशा बेताने सारे उरकावे, असे फर्मावण्यात आले. टेक्सासातील गुलामांना लिंकनची घोषणा अडीच वर्षे उशिरा, 19 जून 1865 रोजी कळली. निदान तेथे सेनापतीच्या नावाने उघड हुकूम निघाला.

1833 साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपवली, तेव्हा कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. त्यानंतर आला 1843 चा पाचवा कायदा. त्याने कोणालाही मुक्त केल्याचे जाहीर केले नाही आणि दास बाळगणे हा गुन्हाही ठरवला नाही. दासावरील मालकीहक्क कोणत्याही कचेरीत वा न्यायालयात चालणार नाही, एवढेच त्याने सांगितले. हे थोडे नव्हे. सात वर्षांनी, 1850 मध्ये, अमेरिकेने पळालेला गुलाम पकडून मालकाच्या हवाली करण्याचे काम सरकारी यंत्रणेवर सोपवले आणि उत्तरेतील शहरे पेटून उठली. येथे सरकारने फक्त हात काढून घेतला. पळालेल्या दासाला पुन्हा धरून आणणारा शिपाई उरला नाही. परंतु जमीन, कर्ज आणि जातीचा धाक जागच्या जागीच राहिला. माणसास दास म्हणून विकत घेणे हा गुन्हा ठरला तो भारतीय दंडसंहितेने, 1 जानेवारी 1862 पासून.

त्या दिवशी अमेरिकेतील युद्धाला नऊ महिनेही झाले नव्हते. 1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि तो अर्पण केला अमेरिकेतील सत्पुरुषांना. मद्रासच्या किंवा कलकत्त्याच्या कोणा अधिकाऱ्याचे नाव त्या पानावर नाही, याचे नवल वाटू नये. पुण्यातील माणसाला सातासमुद्रापलीकडची मुक्ती ठाऊक झाली होती, कारण ती जगाला ओरडून सांगितली गेली होती. मलबारच्या चेरुमनांची मुक्ती मात्र खुद्द चेरुमनांनाही कळू द्यायची नव्हती.